ठमीला आनंद वर्ज्य

लिफ्टचे मिस्त्री मोजकं बोलणारे. उभं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात आणि गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलं. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. त्यांच्या येण्याचं कौतुक एकाच जिवाला होतं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली की ठमी, त्यांची जाडजूड तपकिरी कुत्री, दारावर धडकायची आणि दार उघडताच दोन्ही पाय त्यांच्या छातीवर टेकायची.

"इतकी वर्षं संसार केला, मी मारली का कधी अशी उडी?" बायको म्हणायची.

"मारली असतीस तर मी उठलो नसतो."

मग ठमीनं खाणं टाकलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, तर पानथरीवर, म्हणजे प्लीहेवर, मोसंबीएवढी गाठ. पानथरीच काढावी लागणार होती. तिच्यावाचून कुत्र्याचं अडत नाही, असं बाई म्हणाल्या. पण सर्जन आणि रक्त देणारा कुत्रा, दोघांची गाठ सोमवारीच पडणार होती.

"तोवर उड्या नकोत. गाठ फुटली तर पोटात रक्त साठेल. हिरड्या बघत राहा. पांढऱ्या पडल्या तर तशीच उचलून आणा."

"उडी मारते ती यांना बघूनच," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. "मग तुम्ही जरा लांब राहा."

मिस्त्री पिशवी घेऊन बहिणीकडे गेले.

"खरं सांग, भांडलास ना?" ताईनं विचारलं.

"नाही गं. मला बघून कुत्रीला आनंद होतो."

"बायकोनं घराबाहेर काढल्याचं हे कारण मी पहिल्यांदाच ऐकतेय."

कामावर त्यांचं लक्ष लागेना. केबल तपासताना मध्येच फोन लावायचे.

"हिरड्या?"

"गुलाबी."

"बघून सांगतेस की नुसतं?"

"बोट घालून बघितलंय. ठेवा आता."

रविवारी दुपारी त्यांना राहवेना. नुसतं दाराबाहेर उभं राहायचं, आतली चाहूल घ्यायची आणि परत फिरायचं, असं ठरवून ते निघाले. लिफ्टचा आवाज नको म्हणून जिना चढले, तोही चपला हातात घेऊन. दाराला कान लावायला वाकले आणि खांद्यावरच्या पिशवीतला पाना घसरून फरशीवर खणकन पडला.

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. आता धडक बसणार.

काहीच झालं नाही. आधी हायसं वाटलं. मग ध्यानात आलं. हा पाना ठमीच्या ओळखीचा होता. तो वाजला आणि ठमी उठली नाही, असं कधी झालं नव्हतं.

त्यांनी बेल दाबून धरली.

"अहो, वेड लागलंय का?" बायको दार अडवून कुजबुजली. "जेवणापासून बघा कशी शहाण्यासारखी पडलीय. जागचीही हलली नाही."

मिस्त्री तिला बाजूला सारून आत गेले. ठमी खिडकीखाली आडवी होती. तिनं डोळे फिरवले. मान उचलली नाही. त्यांनी ओठ वर केला. हिरड्या खडूसारख्या.

"अहो, सकाळी होत्या हो गुलाबी," बायको मागून म्हणत राहिली.

चादरीच्या झोळीत घालून दोघांनी तिला खाली आणि तिथून दवाखान्यात नेलं. सुट्टीवरचा सर्जन जेवणाच्या ताटावरून उठून आला. रक्त देणारा कुत्राही मालकासकट हजर झाला. दार बंद झालं. बाकड्यावर दोघं बसून राहिली. बायको म्हणाली, "शांत आहे म्हणून मी खूश होते हो."

"आपण तेच तर मागत होतो," मिस्त्री म्हणाले.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. बदललेला भाग गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय मिस्त्री स्वतः कधी काम संपवत नसत. त्यांनी नीट वाकून पाहिलं. गाठीला एका बाजूला चीर गेली होती.

"पूर्ण निघाली?"

"पूर्ण. आज वाचली. पण गाठ साधी की वाईट, ते तपासणीत कळेल. वाईट असली तर फार दिवस नाहीत."

मिस्त्रींनी मान हलवली. "आणि टाके निघेपर्यंत?"

"उड्या बंद."

"म्हणजे मी परत ताईकडे?"

बाईंनी थोडा विचार केला. "उडी ती तुम्ही आत येताना मारते ना? मग बाहेर जाऊच नका."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. मग कोपऱ्यात जाऊन सुपरवायझरला फोन लावला. नोकरीत कधी न मागितलेली लांब सुट्टी कशी मागायची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. बराच वेळ ते नुसते "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले.