विल्फ ट्रँटरची पिलग्रिम

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला पूर्वी हॉलिसचा मोटार कारखाना होता. आता तिथे एक भलंमोठं किराणा दुकान आहे आणि म्हाताऱ्यांसाठी बांधलेली विटांची घरं आहेत. त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर विल्फ ट्रँटर अजून राहतो. कारखान्यात त्याने उभी हयात दारं बसवली. गाडीचा सांगाडा पट्ट्यावरून सरकत यायचा, विल्फ दार बिजागरीला लावायचा, लाकडी हातोड्याने ठोकायचा, आणि तरी फट राहिलीच तर खालून गुडघा टेकवून कंबरेने असा रेटा द्यायचा की दार निमूट जागेवर बसायचं. हे कुठल्या साहेबाने शिकवलेलं नव्हतं. सगळे दारवाले असंच करत, आणि म्हातारपणी सगळ्यांचाच उजवा खुबा कामातून गेला.

या कारखान्यातून निघायची ती हॉलिस पिलग्रिम. पिलग्रिम म्हणजे यात्रेकरू. आईबाप, दोन पोरं, एखादा कुत्रा आणि समुद्रावर जाताना लागणारं सगळं बोचकं मावेल अशी साधी घरगुती गाडी. तिच्या नशिबी जे आलं ते वैऱ्याच्याही येऊ नये. पहिल्या वर्षी संपावर संप झाले, वरच्या लोकांना घाई सुटली, आणि अर्ध्याकच्च्या गाड्या दुकानांत जाऊन उभ्या राहिल्या. दारांतून पाऊस आत यायचा, चढावर इंजिन तापायचं. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत हे सगळं निस्तरलं. पण तोवर देशभर तिच्यावर विनोद सुरू झाले होते, आणि विनोद एकदा लोकांच्या तोंडी बसला की दुरुस्ती बघायला कोण जातो? टीव्हीवर विनोद, शाळेत विनोद, लग्नातल्या भाषणांत विनोद. कारखाना बंद पडला तरी विनोद काही बंद पडले नाहीत.

आमच्या या भागातल्या माणसांची एक खोड आहे. आपल्या वस्तूला दुसऱ्याने नावं ठेवायच्या आत आपणच ठेवून मोकळं व्हायचं. नवं घर घेतलं की त्याला खुराडं म्हणायचं. बायकोने केक उत्तम केला की 'दात शाबूत आहेत अजून' एवढंच म्हणायचं. तोंडाने कौतुक करणं म्हणजे भर रस्त्यात शर्ट काढून उभं राहण्यासारखं वाटतं इथल्या लोकांना. विल्फ तर या कामात पटाईत. त्याने कारखान्यातूनच एक मोहरीच्या रंगाची पिलग्रिम घेतली होती, दुरुस्तीनंतरच्या काळातली. तिचं नाव निघालं की क्लबात पहिला वार त्याचाच. "पिलग्रिमबरोबर कंपनी बुटांचा जोड फुकट देते. पुढची वाट पायीच जायची असते." लोक हसायचे, विल्फही हसायचा, आणि मग दुसऱ्या कुणाला बोलायला काही उरायचं नाही.

गल्लीत दर रविवारी सगळे आपापल्या गाड्या धुवायचे, तसा विल्फही धुवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, धुतोय कसला, पुरावा नष्ट करतोय. त्याची बायको बेरिल त्याचं सगळं बोलणं उलटं करून ऐकायची. गाडीला 'धूड' म्हणाला की लाडात आहे, आणि गप्प बसला की काहीतरी बिनसलंय, हे तिला बरोबर कळायचं. बेरिल गेली आणि उलटं करून ऐकणारं घरात कुणी राहिलं नाही. मागे राहिली मुलगी, हेझल. पन्नाशी उलटलेली, शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य, कामाला वाघ आणि स्वभावाने सरळ. तिला सांगाल तेच ती ऐकते.

आता झालं ते असं. विल्फचा खुबा बदलायचं ऑपरेशन ठरलं. जिना चढणं बंद होणार होतं, म्हणून तो इस्पितळात असतानाच हेझलने गॅरेजची खोली करायला घेतली. खाली निजायची सोय, न्हाणीघर, भिंतीला धरायला दांडा. गवंडी तेवढ्याच दिवसांत मोकळा होता, आणि गॅरेजमध्ये तर पिलग्रिम उभी. हेझलने जन्मभर त्या गाडीची निंदाच ऐकलेली. बापाची त्या धुडातून एकदाची सुटका होईल असं तिला मनापासून वाटलं. तिने भंगारवाल्याला फोन केला. तो आला, साखळी लावली आणि घेऊन गेला.

इस्पितळात खाटेशी बसून तिने हे सांगितलं तेव्हा ती इतकी खुशीत होती की विल्फच्या जिभेवरून आपसूक तेच घरंगळलं, जे इतकी वर्षं घरंगळत आलं होतं.

"सुटलो बाई," तो म्हणाला. "भंगारवाल्याला उलट काही द्यावं लागलं नाही ना?"

हेझल हसली. विल्फने दिवा डोळ्यांवर येतो म्हणून कूस बदलली. नव्या खुब्यावर कूस बदलायची नसते, त्यावरून नर्सने त्याला झापलं. त्याला फार थकल्यासारखं वाटत होतं, आणि ते सगळं ऑपरेशनमुळे नव्हतं. गाडी परत येणार नव्हती. पण पोरीने केलं ते त्याच्या सुखासाठी केलं होतं. तिला कळलं की आपण बापाचं काय भंगारात घातलं, तर ती ते मरेपर्यंत उराशी धरून बसेल, हे तो जाणून होता. तेव्हा तिला हे कधीही कळू द्यायचं नाही, एवढं त्याने तिथेच ठरवलं.

घरी आल्यावर त्याने नवी खोली पाहिली, दांडा धरून पाहिला, आणि कैद्यांना यापेक्षा बरी खोली देतात असं म्हणाला. म्हणजे खोली त्याला आवडली होती. हेझल मात्र आठवडाभर पडद्यांचा रंग बदलावा की काय या विचारात होती.

काही दिवसांनी वकार मिर्झा आला. चष्म्याच्या दुकानाचा मालक, विल्फचे डोळे तोच तपासतो. त्याचे वडील टॅक्सी चालवायचे, आणि घरच्या वापराला त्यांच्याकडे पिलग्रिम होती. मागच्या सीटवर पाच भावंडं कोंबून ती दर उन्हाळ्यात वेल्सला जायची आणि यायची. वकारने मोठेपणी तशीच एक मिळवून ठीकठाक केली होती, आणि पिलग्रिमवाल्यांच्या मंडळाचा तो आता सचिव होता. लोक वर्षानुवर्षं ऐकीव गोष्टींवर हसतात, याचा त्याला मनस्वी राग. म्हणून त्याने बेत आखला होता. त्याच काळातली एक जर्मन, एक जपानी आणि पिलग्रिम अशा गाड्या भरल्या माणसांनिशी जवळच्या लिकीच्या टेकडीवर चढवायच्या, ब्रेक तपासायचे, आणि जे दिसेल ते खरं खरं लिहायचं. विल्फची गाडीही त्याला हवी होती. मूळ इंजिनाची, मूळ रंगाची पिलग्रिम आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे, असं तो सांगत होता.

"भंगारात गेली," विल्फ म्हणाला. "लेकीने दिली. बरंच झालं."

 मग विल्फने स्वयंपाकघराकडे कान देऊन, हेझल चहा करतेय याची खात्री करून, हळू आवाजात त्याला बजावलं की किती उरल्यात वगैरे तिच्यासमोर बोलायचं नाही. वकारने मान हलवली. पण जाताना दारात, हेझलच्या देखतच त्याने आमंत्रण दिलं. अंकल, गाडी नाही तर नाही, तुम्ही या, गाडीत वजनाला माणसं लागणारच आहेत. विल्फ नको म्हणणार होता. त्याच्या तोंडून हो निघून गेलं.

शनिवारी हेझल त्याला घेऊन गेली. टेकडीच्या पायथ्याशी गाड्या लागल्या होत्या, थर्मासमधला चहा आणि चीज-कांद्याचे पाव फिरत होते. विल्फने लोकांना लेकीची ओळख करून दिली. "ही आमची हेझल. हिला दुकानात परत द्यायला गेलो होतो, पावती सापडली नाही." लोक हसले. हेझलही हसली. हा विनोद ती कळायला लागल्यापासून ऐकत आली होती.

वकारच्या पिलग्रिममध्ये पुढे विल्फ, मागे हेझल आणि वकारची बहीण. वकारने गाडी चढाला घातली. विल्फ वाकून तापमानाच्या काट्याकडे बघत होता. काटा अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला. वळणावर गाडी थोडी कलली, तक्रार न करता सरळ झाली. माथ्यावर जर्मन गाडी आधी पोचली, हे खरं. जपानी गाडी मागून आली. उताराला ब्रेक लावून पाहिले तर सगळ्यात कमी अंतरात पिलग्रिम थांबली. स्टिअरिंग मात्र तिचं जड होतं, आणि वकारने तेही लिहून घेतलं. गंज तिन्हींना सारखाच लागला होता. हेझल म्हणाली, जर्मन गाडीत बसले असते तर पाठ मोडली असती, ही सीट म्हणजे आमच्या घरच्या कोचासारखी आहे. मग तिला आठवलं. त्यांच्या घरच्या पिलग्रिमच्या सीटही अशाच होत्या. लहानपणी ती त्यांवर झोपून घरी यायची.

खाली उतरल्यावर वकारने सगळ्यांसमोर निकाल सांगितला. गाडी थोर नव्हती, आणि वाईट तर मुळीच नव्हती. तिच्या तोडीच्या गाड्यांत ती मान वर करून उभी राहू शकत होती. पहिल्या वर्षाने तिचं नाव घालवलं आणि पुढच्या वर्षांकडे कुणी बघितलंच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेझल बापाला शोधू लागली.

विल्फ अजून गाडीपाशीच होता. तो पुढचं दार उघडत होता आणि लावत होता. कान देऊन ऐकायचा, फटीवरून अंगठा फिरवायचा, पुन्हा उघडायचा. खालचा कोपरा किंचित बाहेर आला होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने गुडघा टेकवला आणि कंबरेने रेटा दिला. डॉक्टरांनी जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्या एका रेट्यात आलं. दार बसलं. विल्फ कळ सोसत त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा हेझलला दिसला. असा चेहरा तिने आईच्या दफनानंतर पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर गाडी हेझलच चालवत होती. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर तिने विचारलं.

"डॅड, आपली गाडी कशी होती रे?"

विल्फने तोंड उघडलं. बुटांचा जोड होता, पुरावा होता, भंगारवाला होता, सगळे विनोद जिभेवर तयार होते. पण कंबर ठणकत होती, दिवसभर उभं राहून जीव मेटाकुटीला आला होता, आणि त्यांतला एकही बाहेर येईना. आयुष्यभर तेच तेच बोलून तो थकला होता.

"चांगली होती," तो म्हणाला. "आजच्या त्या गाडीहून चांगली. कधी दगा दिला नाही तिने."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा हेझलने गाडी पुढे काढली.

"आणि मी ती भंगारात दिली."

"तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत कसं असणार? तू तिला शिव्याच घालायचास. एक दिवस तरी धड बोललास का?"

"लोक घालणारच होते. त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण घातलेल्या बऱ्या. कमी लागतात."

हेझलने डोळे पुसले. विल्फला वाटलं, ज्याची भीती होती तेच झालं. तो काहीतरी समजुतीचं शोधू लागला, गाडी काय, पत्राच तर होता, तुझी खोली जास्त कामाची आहे. पण ती गाडीबद्दल रडत नव्हती.

"ते पावतीचं," ती म्हणाली. "परत द्यायला गेलो होतो म्हणतोस ते. लहानपणी मला ते खरं वाटायचं. तुम्ही दोघं बाहेर गेलात की मी घरभर ती पावती शोधायचे. सापडली तर फाडून टाकीन म्हणून."

 हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. त्या विनोदावर तो इतकी वर्षं हसत आला होता.

"पावती नव्हती," तो म्हणाला.  "कुठेही परत द्यायला गेलो नव्हतो गं तुला. तुला इस्पितळातून घरी आणलं तेव्हा मी गाडी इतकी हळू चालवली की मागच्या बसवाल्याने उतरून विचारलं, बिघडली का म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, पिलग्रिमच ती, चालायचंच. आत तू होतीस हे सांगितलं नाही."

हेझलने वळण घेतलं आणि घरासमोर गाडी उभी केली. इंजिन बंद करून ती बापाकडे वळली.

"मला तरी सांगायचंस," ती म्हणाली.