पियानोवाल्याचा राजीनामा

१८ जानेवारी २००१, गुरुवार. रक्कम सहा हजार दोनशे रियाल. हजर तिघे: आमच्या दोह्यातल्या हॉटेलचे लेबनानी पर्सोनेल मॅनेजर, लॉबीत पियानो वाजवणारा लात्व्हियन गृहस्थ आणि अकाउंट्समधून मी. त्याचा करार पुरा व्हायला पाच महिने बाकी होते. आत्ता राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी आणि परतीचं तिकीट मिळून एवढ्या रकमेवर पाणी सोडावं लागेल, हे सांगायला मला बोलावलं होतं. मी सांगितलं.

"अकाउंटंट, पुन्हा एकदा बेरीज करा," तो म्हणाला. "कमी झाली तर बघू."

"वाढेल," मी म्हणालो. "जादा सामानाचे धरलेले नाहीत."

तो हसला. मॅनेजर हसले नाहीत.

आम्ही दोघं उशिरा जेवणारे. तीन वाजता स्टाफ कँटीन रिकामं असायचं, तिथे दोन वर्षांत त्याची कहाणी तुकड्यातुकड्यांनी कळली होती. त्याच्या गावात घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या गायकवृंदात. हा त्यांच्यासाठी गाणी बांधायचा. देश स्वतंत्र झाल्यावर लोकांनी त्याला नगरपालिकेला उभं केलं. जो शंभर माणसांना एकत्र गायला लावतो, त्याला दहा नगरसेवकांना एका मतावर आणणं काय कठीण, असा गावाचा हिशेब. तो निवडूनही आला.

"वृंदात चुकणारा निदान खाली बघतो," तो म्हणायचा. "नगरसेवक माझ्याकडे बघायचे."

त्या मुदतीत त्याने एकही चाल बांधली नाही. पुढच्या खेपेला पडला, तोवर संगीतशाळेतली त्याची जागा भरली गेली होती. मग दोहा.

आता तीच शाळा बंद करून तिथे कचेऱ्या आणायचं घाटत होतं. मार्चमध्ये निवडणूक होती. जुन्या मित्रांनी पत्र पाठवलं, उभा राहा. अर्जावर त्याने स्वतः तिथे जाऊन सही करायची, तीस जानेवारीच्या आत. त्याने सहा आठवड्यांची रजा मागितली.

"सीझन आहे, हबीबी," मॅनेजर म्हणाले. "रजा नाही. राजीनामा दे, खलास."

अल सद्द भागातल्या आमच्या घरी मी हे सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. "इतके पैसे सोडून कोणी निवडणुकीला उभं राहतं? आपल्याकडे तर उलटं असतं!" मग म्हणाली, "समजवा हो त्याला."

दुसऱ्या दिवशी मी प्रयत्न केला. जूनमध्ये करार संपवून जा, पैसेही मिळतील, शाळेचं तेव्हा बघ.

"जूनमध्ये तिथे टेबलं लागलेली असतील," तो म्हणाला, आणि डाळीतली मिरची बाजूला काढत राहिला.

त्याने राजीनामा दिला, तरी सुटका नव्हती. देश सोडायला कंपनीच्या सहीचं एक्झिट परमिट लागायचं. त्याशिवाय विमानतळावरूनच परत पाठवायचे. सरकारी कागद फिरवणारा आमचा मंदूब रोज एकच उत्तर द्यायचा, "बुक्रा, इन्शाल्ला." उद्या. असे चार उद्या गेले. सही करणारे साहेब ससाणे घेऊन वाळवंटात शिकारीला गेले होते, ते परतले तर परमिट.

मी चौदा वर्षांत कुणाच्या कागदासाठी टेबल सोडून बाहेर गेलो नव्हतो. महिनाअखेर होती, माझी व्हाउचरं पडून होती. पण चोवीस तारखेला मी साहेबांच्या ऑफिसबाहेर दीड तास बसलो, पंचवीसला दोन तास. शुक्रवारी ऑफिस बंद. शनिवारी, सत्तावीसला, साहेब आले, मोबाइलवर बोलता बोलता सही केली, माझ्याकडे पाहिलंही नाही. परतताना टॅक्सीत मला झोप लागली.

त्याचं विमान अठ्ठावीसला होतं. अर्ज एकोणतीसला भरला गेला. तो निवडून आल्याचं मला पुढच्या वर्षी कार्डावरून कळलं. शाळेचा वरचा मजला वाचला, खालचा गेला, असं लिहिलं होतं. नवीन चाल बांधल्याचं काही नव्हतं.

हिशेब मात्र त्या शनिवारीच मिटला होता. जानेवारीच्या पगाराचे निघाले दोन हजार दोनशे पाच रियाल. त्यातले दोन हजार एकशे वीस ट्रॅव्हल एजंटला, रीगापर्यंतच्या तिकिटाचे. उरलेले पंच्याऐंशी त्याला, रोख, सही घेऊन.