अकराव्या कुंडीतलं रोप

गल्लीत त्यांना सगळे रिपोर्टसाहेब म्हणत. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चौतीस वर्षं काढलेली. तपासल्याशिवाय ते कुणाला साधं ‘बरा दिसतोस’ही म्हणायचे नाहीत. अशा माणसाच्या ताब्यात भाजीचे वाफे गेल्यावर काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

वाफे बायकोचे. परसातले सहा वाफे म्हणजे तिची तीस वर्षांची मेहनत. ओल्या पायरीवरून ती घसरली, मनगट मोडलं, दोन महिन्यांचं प्लास्टर बसलं. हातापेक्षा वाफ्यांसाठीच ती जास्त रडली. रिपोर्टसाहेबांना ते बघवेना.

“प्लास्टर निघेल त्या दिवशी तुझे वाफे होते तसे तुझ्या हाती देईन,” ते म्हणाले. “तोवर तू परसाकडच्या खिडकीत बसायचं. कसली काळजी करायची नाही.”

आता ज्याने जन्मात खुरपं धरलं नाही, त्याला भाजी कुठली आणि तण कुठलं, काय कळणार? आठवड्याभरात अनोळखी कोंब वर आले. दुसरा कुणी असता तर उपटून मोकळा झाला असता. पण हे पडले रिपोर्टसाहेब. ओळख पटल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, म्हणून प्रत्येक जातीचा एक नमुना वाफ्यांच्या कडेला कुंडीत लावला, वर क्रमांक आणि तारीख डकवली, बाकीचे उपटले. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणलं. बियाण्यांच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. शेजारणीच्या फोनवरून कुणाकुणाला फोटो धाडले. पानं चुरून वास घेतले, देठ मोडून चीक निघतो का पाहिलं. बघता बघता सतरा कुंड्या झाल्या आणि तणांना वेळच्या वेळी पाणी मिळू लागलं. एवढे लाड त्यांनी पोटच्या पोरांचेही केले नव्हते.

सोळांची ओळख पटली. अडला तो अकरावा नमुना. पत्त्यातल्या बदामासारखी तीन-तीन पानं आणि इवलं पिवळं फूल. प्लास्टर निघायला तीन दिवस उरले असताना त्यांनी त्याची उभी शेंग चिमटीत धरली. शेंग तडकली आणि बारीक बिया चष्म्यावर येऊन आदळल्या. पुस्तकात पाहिलं, तर आंबुशी. साहेब खूश झाले. मग सहज मान वर केली, तर शेजारच्या तीन वाफ्यांत तीच तीन-तीन पानं दाटलेली. शेंगा किती दिवसांपासून तडकत होत्या कोण जाणे; भिंगातून बघणाऱ्याला वाफा दिसलाच नव्हता. हे तण त्यांनी स्वतःच पाळून, पोसून पेरलं होतं.

हातात तीनच दिवस होते. पण शब्द दिलेला होता. गुडघ्यांना गोणपाट बांधून ते तीन दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उपटत राहिले. कोवळी रोपं वरच्या वर तुटत, मूळ आतच राही. चौथ्या दिवशी बायको प्लास्टर काढून परसात आली, तेव्हा दीड वाफा अजून तसाच होता.

साहेब उठून उभे राहिले. “वाफे मी बिघडवले. हे माझ्याच कुंडीतून पसरलंय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पिवळं फूल आलं तेव्हाच ओळखलं होतं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“पुस्तकाला विचारलंत, दुकानदाराला विचारलंत, शेजारणीचा फोनसुद्धा सोडला नाहीत. मी दोन महिने त्या खिडकीत बसून होते. आज विचारतील, उद्या विचारतील. फार वाईट वाटलं हो मला.”

साहेबांना मनापासून लाज वाटली. ते पुन्हा खाली बसले. ती शेजारी स्टुलावर टेकली. तिची बोटं अजून मिटत नव्हती, म्हणून ती सांगू लागली आणि ते करू लागले.

“असं ओढू नका, तुटेल. खुरप्याचं टोक बाजूने घाला. माती सैल होऊ द्या. आता उचला.”

मूळ अख्खं हातात आलं. दुसरं आलं, तिसरं आलं.

“हे सगळं तुला शिकवलं कुणी?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. पहिल्या वर्षी एकेक रोप घेऊन तुमच्याकडेच यायचे, हे काय असेल म्हणून विचारायला. तुम्ही बघतसुद्धा नव्हतात. गवत असेल, टाकून दे, म्हणायचात.”

साहेबांना त्यातलं काहीच आठवेना. ते आठवून बघत राहिले, आणि वाफा संपेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही.