काठी मोडेपर्यंत

माझं लग्न एका हॉकीच्या काठीवर अडकून बसलं होतं, असं सांगितलं की माझ्या मुलांना मी थापा मारते असं वाटतं. पण त्या काळातल्या केजच्या बाजारात कुणालाही विचारा. निम्म्या बाजाराला माझ्या काठीची तब्येत ठाऊक असायची आणि उरलेला निम्मा बाजार दुकानात येऊन विचारून जायचा.

मेन रोडवर आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागंच घर. नव्वदच्या दशकाची अर्धी वर्षं सरली होती. साबणाच्या वड्यांशेजारी शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, समोरच्या गच्चीवर केबलची वायर आली होती, आणि देश आता कसा खुला झालाय हे अप्पा, म्हणजे माझे वडील, साखर तोलता तोलता गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे. घरात मात्र तो खुलेपणा शाम्पूच्या एका पुडीएवढाच आला होता.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि हॉकी खेळत होते. हॉकीच का, तर आमच्या खेळाच्या सरांनी डोकं चालवलं होतं. खो-खोत आमचा टिकाव लागणार नाही, कबड्डीत तर नाहीच. पण मुलींच्या हॉकीचे संघ आमच्या भागात इतके कमी की नुसतं वेळेवर मैदानात हजर झालं तरी आपण उपांत्य फेरीत. सरांचा बेत एवढाच होता. माझं मात्र भलतंच झालं. चेंडू काठीवर नेमका बसला की जो ठक्‌ आवाज येतो त्याची मला चटकच लागली. घरात चार माणसांसमोर मान खाली घालून चहाचा ट्रे धरणारी मी, मैदानात आडदांडासारखी ओरडत पळायचे, आणि तीच खरी मी आहे असं मला वाटायचं.

अप्पांना हे बिलकूल पसंत नव्हतं. त्यांनी लातूरचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मोटारपंपांचं दुकान, पक्कं घर, मुलगा शांत. इतका शांत की तो हो म्हणाला की नाही हे त्याच्या आईला विचारावं लागे. एका दुपारी जेवताना ठिणगी पडली.

"वाण्याच्या घरची पोरगी काठी घिऊन मैदानात पळती. लोक काय म्हनत्याल?"

"लोकायला गोल कळत न्हाई अप्पा, ते काय म्हनत्याल?" मी म्हणाले. "मी कवा थांबायचं ते तरी सांगा."

अप्पांनी हात धुतला, पुसला, आणि रागाच्या भरात गळ्यातल्या लिंगावर ठेवला. "ही तुझी काठी मोडली की खेळ बंद आन्‌ लातूरला होकार. तवर मी लग्नाचा शब्द काडनार न्हाई."

आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून दिलेला शब्द आमच्या घरात कुणी परत घेत नाही. यापूर्वी अप्पांनी तिथं हात ठेवून तंबाखू सोडली होती, आणि तेव्हापासून ते तंबाखू मळणाऱ्या माणसाजवळ उभेसुद्धा राहत नसत. आता त्याच हातानं त्यांनी माझी काठी बांधून टाकली होती.

अप्पांचा अंदाज काही चुकीचा नव्हता. मामानं घेऊन दिलेली ती साधी लाकडी काठी, आणि कॉलेजचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. गवत फक्त कुंपणापाशी, तेही शेळ्या ठेवतील तेवढंच. चेंडू अडवायला काठी टेकवली की खालचं वाकडं टोक खडीवर खरडत जायचं. पावसाळा संपेपर्यंत त्या टोकाची दातणासारखी कुंचली झाली. दिवाळीपर्यंत आपलं काम होतंय, असा अप्पांच्या चेहऱ्यावर भाव होता. मीही वाण्याचीच पोरगी आहे, एवढंच ते विसरले होते.

सुरुवातीला मी पंक्चरवाल्याकडून सायकलची ट्यूब आणून टोकावर गुंडाळली. चेंडू अडायचा, पण मारला की मागंच यायचा. मग तांब्याची पट्टी ठोकून घेतली. पहिल्याच सामन्यात पंचानं काठी उचलून पाहिली आणि हे खेळाचं साहित्य आहे की हत्यार, असं सरांना विचारलं. पट्टी काढावी लागली, तिच्याबरोबर लाकडाचा एक ढलपाही निघाला. त्या दिवशी मला खरोखर रडू कोसळलं. लातूरचे मोटारपंप माझ्या कानात घरघरायला लागले होते.

तेवढ्यात मला स्टँडमागचे चाचा आठवले. सीटवर माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपांचे फुटके मडगार्ड ते फायबरनं सांधायचे. काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड, त्यावर रेझिन, त्यात दोन थेंब कसलं तरी औषध, की झालं, दगडासारखं टणक. मी काठी घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले.

"बेटी, मी जीप दुरुस्त करतो," चाचा म्हणाले.

"चाचा, जीपपेक्षा लई बेकार हालत हाय हिची. बगा तरी."

त्यांनी पाहिलं आणि हळहळले. मग कापडाचे थर देऊन रेझिन फासलं आणि लवकर सुकावं म्हणून काठी शेजारच्या जीपच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवली. आम्ही चहा प्यायला गेलो. चहा आला, चाचांच्या मुलीच्या शाळेचा विषय निघाला, तो काही लवकर संपेना. परत येऊन बघतो तर काठी बॉनेटला चिकटून बसलेली. चाचांनी ओढलं, मी ओढलं, जीपच्या ड्रायव्हरनं पाय लावून ओढलं. काठी हलेना. इकडं जीप भरली होती. टपावर दोन माणसं, मागं लटकलेली तीन, आणि आतून एक म्हातारी ओरडत होती, "आरं सोड की बाबा गाडी, अंबाजोगाईला पोचायचंय का न्हाई?"

"राहू दे," ड्रायव्हर म्हणाला. "येताना काडू."

आणि जीप निघाली. माझी काठी नाकावर घेऊन ती जीप मेन रोडनं, आमच्या दुकानासमोरून, अंबाजोगाईला गेली. मी संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसून राहिले. घरी गेले तेव्हा अप्पा वजनं पुसत होते.

"तुजी काठी कुटं गेलती आज?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"अंबाजोगाईला."

"देवीच्या दर्शनाला गेली आसंल," अप्पा म्हणाले, आणि तोंड फिरवून हसले. ते हसले हे मी पाहिलं, आणि त्या रात्री मला बरं वाटलं.

छिन्नीनं सोडवलेल्या त्या काठीच्या पाठीवर जीपचा निळा रंग कायमचा राहिला. पण टोक असं झालं होतं की मुरूम झिजेल, काठी झिजणार नाही. वजन मात्र मुसळाएवढं. पहिले काही दिवस माझं मनगट सुजलं, मग मनगटच तसं झालं. चेंडू लागला की आवाज ठक्‌ असा न येता ठण्‌ असा यायचा, आणि समोरच्या संघातल्या मुली वाटेतून आपोआप बाजूला व्हायच्या.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. लातूरकरांना राहवेना. मुलाचे वडील एकदा आमच्याकडं आले, पाणी प्याले, पावसापाण्याचं बोलले आणि मग घसा खाकरून म्हणाले, "काठीचं कसं काय हाय?"

अप्पांनी मला काठी आणायला सांगितली. मी ती दोन्ही हातांनी पुढं केली. पाहुण्यांनी टोकावर टिचकी मारून बघितली, हातात तोलून वजनाचा अंदाज घेतला आणि मोटारपंपाची बॉडी पाहावी तशी उलटसुलट करून पाहिली.

"हे तर पक्कं काम हाय वो," ते खिन्नपणे म्हणाले.

"आमच्या पोरीनंच करून घेतलंय," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती, पण निव्वळ तक्रार नव्हती. आईनं दाराआडून माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी औरंगाबादला ठरली. सरांनी माझं नाव पाठवलं. ते बोलावणं आलं तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. आणि नेमका तेव्हाच केजात बंद पुकारला गेला. कशासाठी ते आता आठवत नाही, तेव्हाही फारसं कुणाला माहीत नव्हतं. मोर्चा चौकात आल्याची आरोळी उठली आणि सगळा मेन रोड शटर ओढायला लागला.

शटर खाली ओढायची आमची आकडीची सळई शेजारच्यानं नेली होती. शटर वर गच्च बसलेलं, अप्पांचा हात पोचेना. मी सरावाहून येऊन काठी पोत्याला टेकवून आत गेले होते. अप्पांनी ती उचलली, वाकडं टोक शटरच्या कडीत अडकवलं आणि ओढलं. शटर हललं नाही. मोर्चाच्या घोषणा जवळ आल्या. तेव्हा अप्पा दोन्ही पाय उचलून काठीला लोंबकळले.

कड्‌कन आवाज झाला तो मी न्हाणीत ऐकला. धावत आले तर अप्पा तांदळाच्या पोत्यावर बसलेले, हातात काठीची नुसती मूठ. चाचांचं फायबर शाबूत होतं. जीपच्या निळ्या रंगासह ते टोक वर कडीत लटकत होतं. वरचं लाकूड मोडलं होतं. रस्त्यापलीकडचे दुकानदार आपापली शटरं अर्धवट सोडून बघत होते, आणि मोर्चातली पुढची माणसंसुद्धा घोषणा थांबवून थबकली.

बंदचं, मोर्चाचं मला काही सुचेना. काठी मोडली होती. माझा खेळ संपला, एवढंच डोक्यात होतं.

"मोडली," आई म्हणाली. मग भीतभीत, "अवो, तुमीच हात ठिवून म्हनला हुता."

अप्पांनी ती मूठ शेजारच्या पोत्यावर ठेवली. त्यांचा हात गळ्याकडं गेला, पण लिंगाला न लावता मध्येच थांबला.

"गिऱ्हाइकाची बरनी माज्या हातनं फुटली तर पैसे कुनाकडनं घेतो मी?" त्यांनी आईला विचारलं.

"कुनाकडनं न्हाई. भरून देता."

"मंग?" अप्पा उठले, अंगावरचा तांदूळ झटकला. "ह्यातबी तसंच. मी मोडली, मी भरून देनार. उद्या पैली गाडी धर, पोरी."

चाचणीला अजून आठवडा होता, पण दुसऱ्याच दिवशी आम्ही काठी आणायला एसटीनं औरंगाबादला गेलो. वाटेत मी खिडकीबाहेरचे मैलाचे दगड मोजत होते. मला बोलायची भीती वाटत होती, बोलले तर त्यांचं मन बदलेल म्हणून. खेळाच्या दुकानात अप्पा आयुष्यात पहिल्यांदा शिरले आणि जन्मभर याच धंद्यात असल्यासारखे काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. दुकानदारानं लाकडी काठ्या काढल्या. अप्पांनी एकेक वाकवून पाहिली आणि बाजूला सारली.

"फायबरची दावा. आख्खी फायबरची."

दुकानदारानं आतून एक काळी, तुकतुकीत काठी आणली. कंपोझिट म्हणतात याला, नवीनच आलंय, तो म्हणाला. मग त्यानं अप्पांच्या टोपीकडं, धोतराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, मुलीसाठी कशाला एवढी? लाकडाची घ्या. वर्षभर टिकली तरी पुष्कळ. ही काही मोडत नाही."

अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "जी मोडत न्हाई तीच द्या. माजी पोरगी मुरमावर खेळती."

मी बॅडमिंटनच्या फुलांच्या डब्यांकडं तोंड करून उभी राहिले आणि त्यांच्यावरच्या किमती वाचत राहिले.

परतीच्या वाटेवर बीडच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा अप्पा एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरले. मी काठी कवटाळून दाराशी उभी. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय होती, त्यामुळं मलाच काय, सगळ्या स्टँडला ऐकू येत होतं.

"हॅलो, लातूर का? मी केजहून... हां, मोडली. काल मोडली... न्हाई न्हाई, ऐका तर. दुसरी घेतलीया तिला. मीच घेतली... न्हाई वो, लाकडाची न्हाई. ही न्हाई मोडायची आता." त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तुमी थांबू नका. पोराला दुसरीकडं बगा."