आमचे हे आणि सरकणारा टायर

आमचे हे टायर बसवतात. एवढं सांगितलं की लोकांना वाटतं, पंक्चर काढत असतील. पंक्चरवाला म्हटलेलं यांना मुळीच खपत नाही, म्हणून मी आधीच खुलासा करते. हे शर्यतीच्या गाड्यांचे टायर बसवतात. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की सुटतात आणि बारा सेकंदांत सगळं आटोपतं. त्या बारा सेकंदांसाठी धडधाकट माणसं वर्षभर राबतात. हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर मी थोडा वेळ मागून घेतला असता.

तर या शर्यतीत एक भानगड असते. गाडी सुटताना इंजिन चाकाला असा हिसका देतं की आतली लोखंडी रिम गर्रकन फिरते आणि तिच्यावरचा टायर, सकाळी हाक मारलेल्या आळशी माणसासारखा, आहे तिथेच पडून राहतो. टायर रिमवर असा सरकला की हवा भरायचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो, हवा जाते आणि गाडी शर्यत सोडून कडेच्या गवतात शिरते. टायर सरकू नये, एवढंच यांच्या आयुष्याचं काम. सव्वीस वर्षं हे तेच करत होते आणि सव्वीस वर्षं टायर सरकत होता. शर्यतीच्या मैदानावर यांना सगळे सरकपंत म्हणायचे. तोंडावर.

किती सरकला हे कळावं म्हणून हे टायरपासून रिमपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेष ओढतात. शर्यत झाली की टायरवरची रेष एकीकडे आणि रिमवरची दुसरीकडे. मधलं अंतर हे बोटांनी मोजतात. दोन बोटं सरकला तर जेवतात, चार बोटं सरकला तर जेवत नाहीत.

हे खूळ दुकानापुरतं राहिलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण घरातही सगळं सरकतंय असा यांना संशय. साखरेच्या डब्यावर रेष, झाकणापासून डब्यापर्यंत. पलंगाच्या पायापासून फरशीपर्यंत रेष. पलंग वर्षभरात दीड बोट सरकला, तेव्हा "तू झोपेत फार कूस बदलतेस" असं मलाच ऐकवलं. एकदा सासरे आरामखुर्चीत डुलकी घेत होते, तर यांनी त्यांच्या टोपीपासून कपाळापर्यंत रेष ओढून ठेवली. सासरे उठले आणि तसेच बँकेत गेले. तिथला माणूस म्हणे सहीऐवजी त्यांच्या कपाळाकडेच बघत होता. मामंजी घरी येऊन मला म्हणाले, "सूनबाई, टोपी सरकली नाही हे खरं. पण याला आवर."

आवरणार कोण? आणि त्यात माझाच धाकटा भाऊ शर्यतीत गाडी चालवतो. त्याचे टायर अर्थात यांच्याकडे. गेल्या दोन्ही शर्यतींत तो गवतात गेला. दुसऱ्या वेळी गवतात म्हैस होती. त्या म्हशीला काही झालं नाही, पण भाऊ आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसला आणि चहाला हात न लावता म्हणाला, "भावोजी, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी मी टायर दुसरीकडून बसवून घेतो."

यांचा चेहरा पडला. मग ताठ बसून हे म्हणाले, "एकदा शेवटचं माझ्याकडून बसव. या वेळी सरकला, तर दुकानाची पाटी मी माझ्या हातांनी उतरवतो."

दुसरा कोणी हे बोलला असता तर मी मनावर घेतलं नसतं. पण हा माणूस एकदा नळ दुरुस्त होईपर्यंत चहा घेणार नाही म्हणाला होता, आणि अकरा महिने घेतला नाही. पाटी उतरली की उतरलीच. आणि त्या दुकानाखेरीज यांना दुसरं काही येत नाही, दुसरं काही आवडत नाही. हे घरी बसले असते, हातात पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन, मी आणि मामंजी समोर. हसण्यावारी नेते आहे, पण मला खरोखर भीती वाटली होती.

यांनी कंबर कसली. रिमला आरपार भोकं पाडून टायरच्या कडेत बारा स्क्रू पिळले. शेजारच्या रस्त्यावर भावाने गाडीला हिसका देऊन बघितला, तीन बोटं सरकला. चोवीस स्क्रू पिळले, दोन बोटं. अठ्ठेचाळीस पिळले, तेव्हा टायर सरकायचा थांबला, पण रिमची चाळणी झाली आणि अठ्ठेचाळीस ठिकाणांहून हवा शिट्ट्या मारत बाहेर पडायला लागली. मग नवी रिम आणली. तिच्या कडेवर छिन्नीने टोचे मारून ती खरबरीत केली. शर्यतीला पाच दिवस उरले होते.

माझं पार्लर यांच्या दुकानाला लागून आहे, मधे एकच भिंत. ठोकाठोकीने माझ्या बाटल्या फळीवरून पडायला लागल्या, म्हणून भांडायला गेले. हे टायर चढवत होते. एका हातात पहार, दुसऱ्या हातात मोठा ब्रश, आणि ब्रशने टायरच्या कडेला साबणाचं पाणी चोपडत होते. दाट, बुळबुळीत. भांडण राहिलंच बाजूला.

"अहो," मी म्हटलं, "हे काय लावताय?"

"साबण. त्याशिवाय टायर रिमवर चढत नाही. नेहमीच लावतो."

"बोटात अंगठी अडकली की आपण काय लावतो?"

"साबण."

"कशासाठी?"

"सरकावी म्ह..." आणि हे थांबले.

ब्रशवरून पाणी टपटप खाली पडत होतं. यांनी ब्रश बादलीत ठेवला, दुकान बंद केलं आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी जिंकले होते, पण मला मुळीच बरं वाटत नव्हतं. एखाद्याची सव्वीस वर्षं आपण एका वाक्यात बादलीत घातली, असं वाटत राहिलं. कशाला तोंड उघडलं, असंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे पार्लरच्या दारात येऊन उभे राहिले. या दारातून हे आजवर कधी आत आले नव्हते.

"तुझ्याकडे असं काही आहे का," यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "जे आधी सरकू देतं आणि नंतर हलू देत नाही?"

होतं. मोठ्या समारंभांना बायकांचे अंबाडे घालते तेव्हा मी एक हेअर स्प्रे मारते. ओला असेपर्यंत केस हवे तसे वळवा. वाळला की वादळ आलं तरी एक बट हलणार नाही. आम्ही दोघांनी मिळून दोन चाकांना सात बाटल्या संपवल्या. स्प्रे मारून टायर चढवले, हवा भरली, आणि वाळवायला चाकं माझ्या दोन खुर्च्यांवर बसवून वर ड्रायरच्या टोप्या ओढल्या. रिमची चमक जाऊ नये म्हणून यांनी त्यांना कापडंही बांधली. तिसऱ्या खुर्चीत माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मासिकातून डोकं काढून शेजारी पाहिलं आणि विचारलं, "यांना अजून किती वेळ लागेल?"

"यांना फक्त सेट करायचंय," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे वाचायला लागल्या.

शर्यतीच्या दिवशी यांनी रेष ओढली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हिरवा दिवा लागला. शेजारची गाडी सुटली. भावाची गाडी गरजली, चाकं फिरली, आणि गाडी जागेवरच राहिली. मैदानवाल्यांनी आदल्याच आठवड्यात नवीन डांबर घातलं होतं. टायर रिमला सोडेना, डांबर टायरला सोडेना, आणि खालची जमीन काही डांबराला धरून ठेवेना. सबंध रस्ता गाडीखालून मागे सरकायला लागला. पुढून येत होता, मागे जाऊन त्याची वळकटी होत होती. शेजारची गाडी शर्यत जिंकून, वळसा घालून परत आली, तरी भाऊ स्टिअरिंग घट्ट धरून पुढे बघत होता. रस्ता संपला तेव्हा तो थांबला.

हे धावत सुटले. मीही मागून धावले. चाकाजवळ गुडघे टेकून यांनी रेष पाहिली, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिली. रेष अखंड होती. केसभरही फरक नव्हता. पाटी वाचली होती.

"भावोजी, आपण हरलो," भाऊ आतून म्हणाला.

"टायर सरकला का?"

"नाही."

"मग झालं तर."

तोवर मैदानवाले, गाडीवाले, इतर टायरवाले सगळे गोळा झाले. मैदानाचा व्यवस्थापक वळकटीकडे बोट दाखवून म्हणाला, "अहो सरकपंत, आमचा रस्ता उखडलात की."

"रस्ता तुम्ही बसवलात, तो सरकला," हे छाती काढून म्हणाले. "टायर मी बसवला..." आणि इथे यांचं वाक्य अडलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नको म्हटलं. खरंच मला नको होतं. यांना एकदा तरी जिंकू द्यावं, असं मनापासून वाटत होतं.

"मी नाही," हे म्हणाले. "हिने बसवलाय. मी सव्वीस वर्षं साबण लावत होतो."

आता हसतील, म्हणून मी पदर खोचून तयार होते. पण कोणी हसलं नाही. सगळे टायरवाले आपापल्या बादल्यांकडे बघायला लागले. प्रत्येक बादलीत साबणाचंच पाणी होतं.

ज्याने यांना सरकपंत हे नाव ठेवलं होतं, तो मिशीवाला पुढे आला. "वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "साबणाऐवजी नेमकं काय लावलंत?"

त्याला तर मी मेले तरी सांगणार नव्हते. तसं तोंडावर म्हणणारही होते. तेवढ्यात यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"सांग त्याला," हे म्हणाले. "त्याचीपण वीस वर्षं गेलीत."

म्हणून सांगितलं.