कोण बोललं?

फोन आला तेव्हा मी विलासवर चिडलेलीच होते. दोन दिवसांचे फॉर्म त्याने पाठवले नव्हते आणि बदलापुरात, कात्रपच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून, आला की त्याला काय काय सुनावायचं याची मी मनात उजळणी करत होते. पलीकडे उल्हासनगर कॅम्प एकमधला एक चादरींचा दुकानदार होता. विलासच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे त्याला माझा नंबर सापडला होता. तुमचा माणूस, म्हणजे आमचा विलास, दुकानाच्या पायरीशी पडलाय, एवढं त्याने हिंदीत सांगितलं. यावर माणूस काय विचारेल? लागलंय का, शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का… मी यातलं काही विचारलं नाही. मी विचारलं, "पिया है क्या?" तो म्हणाला, लगता तो ऐसा ही है, पसीना छूट रहा है, जुबान लड़खड़ा रही है. आणि मी, जिने नोकरीतली निम्मी वर्षं दारूने होणाऱ्या मरणांचा अभ्यास करण्यात घालवली, त्या मी त्याला सांगितलं, "छाँव में लिटा दो, उतर जाएगी." सकाळचे साडेअकरा वाजले होते. एक वाजता त्याचा परत फोन आला, तो मी उचललाच नाही. अडीचला मी रिक्षाने तिथे पोचले, तीही त्याला झापायलाच. विलास प्यायलेला नव्हता. मधुमेहाची गोळी सकाळी घेतली होती, पोटात काही नव्हतं, आणि इतका वेळ उतरत होती ती त्याची साखर. तिसऱ्या दिवशी तो गेला.

याला आता सहा आठवडे झाले. आम्ही समोरासमोर एकमेकांना अहो-जाहो करायचो, पण लिहिताना 'तो'च येतंय, तसंच राहू दे.

आमचं काम काय, ते सांगितल्याशिवाय विलास कळायचा नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथे घरोघरी जाऊन आम्ही विचारतो की घरात दारू किती आहे आणि दारूमुळे काय काय झालं. जिथे कुणी गेलंय तिथे त्या माणसाचे शेवटचे दिवस विचारून लिहून घेतो. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: गरीब आणि बरा कमावणारा सारखीच पितात, तरी मरतो गरीबच जास्त आणि लवकर, असं का? पहिल्या फेरीचा फॉर्म मी तयार केला होता, चांगल्या शुद्ध मराठीत. 'आपण दारू पिता का?' वस्त्यांमधून धडाधड 'हो' आले. कात्रपच्या इमारतींमधून जवळपास सगळे 'नाही'. मी खूश, काहीतरी ठळक हाती लागलं म्हणून. विलास तेव्हा आमच्याकडे नवा होता. अंबरनाथच्या एमआयडीसीतला त्याचा रंगाचा कारखाना बंद पडला होता आणि मिळेल ते काम म्हणून तो फॉर्म भरायला आला होता. गठ्ठा टेबलावर ठेवून तो उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम, फ्लॅटमध्ये कोण पीत नाय. ते घेतात." मला कळेचना. मग त्याने मला लहान मुलीला सांगावं तसं समजावलं. पितो तो वस्तीतला. साहेब लोक घेतात, कधी बसतात, कधी त्यांची होते. तुम्ही पिता का विचारलंत, ते नाही म्हणाले, त्यात खोटं काय? मी कपाळाला हात लावला. मराठीत जन्म गेला माझा, आणि माझ्याच भाषेने मला तोंडावर पाडलं. प्रश्न बदलला, 'कधी घेता का, बसता का' असं विचारत सगळी फेरी पुन्हा केली आणि कात्रपची दारं उघडली. बाटल्या दोन्हीकडे होत्या. फक्त इकडे त्यातून माणसं उठत होती आणि तिकडे उठत नव्हती.

तो दिवसातून पाच-सहा घरं करायचा, बाकीचे बारा-बारा करायचे. यावरून मी त्याला कमी बोललेय का? पण तो खुर्ची दिली तरी उंबऱ्याशी बसायचा, पाणी मागून घ्यायचा, आणि गेलेल्या माणसाच्या दारूबद्दल पहिल्यांदा कधीच विचारायचा नाही. आधी विचारायचा, त्याला जेवणात काय आवडायचं. बायका सुक्या बोंबलापासून सुरू करायच्या आणि मग सगळं आपोआप बाहेर यायचं, कामावरून कधी काढलं, पोट कधी फुगायला लागलं, कुठल्या दवाखान्यातून परत पाठवलं. या नादात त्याचं स्वतःचं जेवण मात्र हमखास राहायचं. त्याला मधुमेह आहे हे मला ठाऊक होतं. डबा खाल्लात का, असं मी कधीमधी विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत पुढचं काम सांगायचे. खिशात मात्र बडीशेपेची पुडी कायम असायची. कारखान्यात असताना दारूचा वास दबावा म्हणून खायचा, दारू सोडल्यावरही ती राहिली. मी चिडवायचे त्यावरून. तो हसून म्हणायचा, दारू सुटली मॅडम, बडीशेप काय सुटत नाय.

दारू का सोडली, ते मला बरंच उशिरा समजलं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'रुग्णालयात नेण्यास विलंब झाला का' असा एक प्रश्न आहे, त्यापुढे हो किंवा नाही. विलासचं म्हणणं होतं की एवढ्याने भागत नाही. पडलेल्या माणसाकडे पाहून घरच्यांना पहिल्यांदा काय वाटलं आणि ते कोण बोललं, हे विचारायला हवं. मी साफ नकार दिला. हजारभर फॉर्म छापून आले होते, आणि 'काय वाटलं' याचं मोजमाप कसं करणार? त्या दिवशी तो पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीत बसला. आमच्याच सोसायटीतले एक साहेब गच्चीवरच्या पार्टीत घेऊन जिन्यात पडले होते, दहा मिनिटांत दोन गाड्या निघाल्या, डोक्यातला रक्तस्राव वेळेत सापडला, आता ते रोज सकाळी बागेत चालतात… ही हकिगत मीच त्याला मागे सांगितली होती. ती त्याने मला परत सांगितली. मग म्हणाला, माझा धाकटा भाऊपण जिन्यातच पडला. दुपारी, एका हळदीत. दोघंही प्यायलेलो. त्याला ओट्यावर आणून टाकला, कुणीतरी म्हणालं दवाखान्यात न्या, तर मीच बोललो, झोपू दे, उतरेल. उन्हं कलल्यावर हलवून बघितला तर गार. "तुमच्या साहेबांनी घेतली होती, मॅडम. माझा भाऊ प्यायला होता. डोकं दोघांचं सारखंच फुटलं होतं."

तरीही फॉर्म काही मी बदलला नाही, हेही लिहायलाच हवं. 'पुढच्या छपाईला बघू' म्हटलं. विलासने वाट पाहिली नाही. उल्हासनगरात एका शिक्के बनवणाऱ्याकडून त्याने रबरी शिक्का करून आणला आणि प्रत्येक फॉर्मच्या शेवटच्या पानावर खाली निळ्या शाईत मारायला लागला: 'पहिल्यांदा काय वाटलं? कोण बोललं?' मी तो पाहिला आणि पहिली गोष्ट काय केली, तर चूक काढली. म्हटलं, 'कोण म्हणालं' हवं, 'बोललं' नव्हे. तो म्हणाला, आमच्याकडे कोण म्हणत नाय मॅडम, सगळे बोलतात. शिक्का तसाच राहिला. आणि त्या निळ्या ओळीखाली वस्त्यावस्त्यांतून एकच उत्तर यायला लागलं. 'वाटलं, उतरेल.' बायको बोलली, शेजारी बोलले, मुकादम बोलला, दवाखान्याच्या दारातला माणूस बोलला. फ्लॅटमधल्या फॉर्मवर ते फारसं कधी आलं नाही. तिकडे 'बीपी असेल', 'हार्ट असेल' असं वाटायचं, आणि गाडी निघायची. आमच्या सगळ्या आकडेमोडीने जे सांगितलं नाही ते त्या शिक्क्याने सांगितलं. हे मी नंतर चार ठिकाणी भाषणात वापरलं, टाळ्याही घेतल्या.

मग विलासच्या बाबतीत मलाही 'उतरेल' असंच का वाटावं? सहा आठवडे हेच मनाला खातंय. कारण शोधलं की सापडतं. तीन वर्षांपूर्वी, भावाच्या स्मृतिदिनाला, विलास एकदा प्यायला होता. मला कळलंही नसतं, दुसऱ्या दिवशी त्यानेच येऊन सांगितलं, "काल प्यालो मॅडम. लिहून ठेवा." मी म्हटलं, काय लिहायचंय त्यात, जा कामाला. पण मी लिहून ठेवलं होतं की! कुठेतरी आत, पक्क्या शाईत. त्याचा तो एक दिवस माझ्या लक्षात राहिला, त्याचे बाकीचे इतक्या वर्षांचे कोरडे दिवस नाही राहिले. आमच्या सोसायटीतले साहेब पडल्याचा फोन आला असता तर मी 'पिया है क्या' विचारलं असतं का? नसतं विचारलं. हे मला नक्की माहीत आहे, आणि त्यावर आता काही इलाज नाही.

दुकानदाराने त्याला सावलीत घेतलं होतं, डोक्याखाली चादरीची घडी दिली होती. मी रागारागात वाकले तर बडीशेपेशिवाय कसलाच वास नाही. त्याचा हात ओलागार होता. मी आणि दुकानदाराने मिळून त्याला रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात त्याच्या कागदावर आधी 'दारू' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, आणि त्याला कोपऱ्यात दोन दारुड्यांच्या शेजारी स्ट्रेचरवर ठेवलं. मी सांगत होते, शुगर बघा, शुगर बघा. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. शेवटी इंग्रजीत ओरडले, तेव्हा सुई आली. साखर इतकी कमी होती की त्या दमलेल्या तरुण डॉक्टरने पुन्हा बोट टोचून बघितलं. सलाईन लागलं. 'कधीपासून असे आहेत?' त्याने विचारलं. मी म्हटलं, सकाळपासून. त्याने मान वर केली नाही. विलासने डोळे उघडले नाहीत ते नाहीतच.

त्याच्या पुण्यानुमोदनाला अंबरनाथच्या त्यांच्या वस्तीत मांडव भरून माणसं होती. मी माइक घेऊन दहा मिनिटं बोलले. उंबऱ्याशी बसणं सांगितलं, पितो आणि घेतो सांगितलं, शिक्काही सांगितला. सगळं बोलले, तेवढं सोडून. खाली उतरले तर मंगलवहिनी, त्याची बायको, माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, तुम्ही धावून गेलात मॅडम, नाहीतर त्या दुकानदाराने त्यांना तसंच मरू दिलं असतं. वहिनींचा भाऊ बाजूलाच होता, त्या दुकानदाराला जाब विचारायला कॅम्पात जाणार होता. मी 'नका जाऊ, काय उपयोग' एवढंच पुटपुटले. ज्या माणसाने दोनदा फोन केला, त्याच्या माथी तीन तास मारून मी घरी आले आणि जेवले.

मागच्या रविवारी वहिनींनी बोलावलं. त्यांची नजर जमिनीवर, हातात विलासची कामाची पिशवी. आत कोरे फॉर्म, शाईची डबी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शिक्का. म्हणाल्या, यांचा फॉर्म कोण भरणार? सगळ्यांचे यांनी भरले, यांचापण झाला पाहिजे. मी भरायला बसले. खुर्ची होती, पण मी उंबऱ्याशी बसले. नाव, वय, काम. जेवणात काय आवडायचं, तेही विचारलं, फॉर्मवर नसताना. वालाची उसळ, त्या म्हणाल्या, आणि तीसुद्धा माझ्या हातची नाही, त्यांच्या आईच्या. मग आजार, गोळ्या, त्या सकाळी डबा घरीच राहिला होता ते. असं करत शेवटचं पान आलं. शिक्का त्यांनीच शाईत बुडवला आणि नीट दाबून मारला, रोज बघून हात बसलेला असावा. निळी ओळ उमटली. वहिनी म्हणाल्या, लिहा, त्या दुकानदाराचं नाव काय ते मला ठाऊक नाही, पण लिहा.

मी पेन उचललं नाही. त्यांच्याकडे बघून सगळं सांगितलं, साडेअकराचा फोन, माझा प्रश्न, माझं उत्तर, एक वाजताचा न उचललेला फोन. सांगताना मला रडू आलं नाही, त्याचीही लाज वाटली. त्या ऐकत राहिल्या. आत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. मग त्यांनी शाईच्या डबीचं झाकण लावलं, शिक्का पदराने पुसला आणि फॉर्म माझ्या मांडीवर सरकवला.

"मग तसं लिहा," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. पहिल्यांदा काय वाटलं: उतरेल. कोण बोललं, त्यापुढे माझं पूर्ण नाव. वहिनी वाकून ते अक्षर अक्षर लावत वाचत होत्या. नाव वाचून झालं तरी त्यांनी कागद उचलला नाही, बोट तिथेच ठेवून थांबल्या. नाव पुरेसं नव्हतं. तेव्हा मी त्याखाली, विलासच्या मराठीत, लिहिलं:

मी बोलले.