सासूबाईंच्या गालावरची गाठ

गिरण्यांचा संप चालू होता आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे माझे सासरे घरीच होते, तेव्हा सासूबाईंच्या गालावर एक जांभळट गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. पण वाटाण्याएवढी गाठ बघता बघता सुपारीएवढी झाली, तशी सासऱ्यांनी त्यांना परळच्या हॉस्पिटलात नेलं. मीही सोबत होते.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. निघाला त्वचेचा कॅन्सर, क्वचितच आढळणारा. ऑपरेशनमध्ये गालाचा बराच भाग जाणार होता.

घरी आल्यावर सासूबाई आरशासमोरून हलेनात. सासरे म्हणाले, "दिसण्याचा काय घेऊन बसलंस? तू जिती रवलंस म्हणजे पुरे."

ऑपरेशनला अवकाश होता. तोवर पट्टी मी बदलायचे. एके दिवशी मला गाठ चपटी वाटली. उगाच आशा लावायला नको म्हणून मी गप्प राहिले. काही दिवसांनी त्यांनीच माझा हात धरून गालावर ठेवला. "बघ गो, बारीक लागता ना?"

खरंच लागत होती.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी पाहिलं तर गाठ जवळजवळ नव्हतीच. पुन्हा तुकडा तपासला, त्यात कॅन्सर सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "फार क्वचित असं होतं. शरीरच त्याच्याशी लढतं, असं आम्हाला वाटतं. नक्की कारण मलाही ठाऊक नाही. पण तपासणी चुकवू नका."

सासरे जिन्यात जाऊन रडले. पुढे गिरणी सुरू झाली आणि त्यांना परत घेतलं नाही, तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नाही.

बातमी पसरली आणि बायका येऊ लागल्या. कुठला लेप लावलात, कुणाला नवस बोललात? लालबागची एक तरुण बाई आली. तिच्या नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर होता आणि तो ऑपरेशनला तयार नव्हता.

सासूबाई तिला म्हणाल्या, "मी काय्येक लावूक नाय गो. माझा आपसूक गेला, म्हणान तुझ्या घोवाचा जायत असा नाय. डॉक्टरांका सोडू नको."

ती तिथेच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्या घरी गेल्या आणि तिच्या नवऱ्याला समजावून हॉस्पिटलात घेऊन आल्या.

त्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी डबा घेऊन गेले. दोघी वॉर्डाबाहेर बसल्या होत्या. ती बाई सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मला पाहून सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.